लाल रक्तपेशीत न्यूक्लियस नाही, मग ती आदिकेंद्रकी का नाही?

निळी_शाई:
मुलीचा पेशींचा धडा घेत होते, आदिकेंद्रकी पेशीत न्यूक्लियस (म्हणजे डीएनए असलेलं केंद्रक) नसतो आणि दृश्यकेंद्रकीत असतो इथपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात तिनं विचारलं की आई, आपल्या लाल रक्तपेशीत पण न्यूक्लियस नसतो ना, मग ती बॅक्टेरियाच्या गटात का नाही? मला काही सांगताच येईना. आणि पेशी सिद्धांत म्हणतो की पेशी आधीच्या पेशीपासूनच होते, मग हिच्यात डीएनएच नाही तर ही विभागणार कशी? तिला नुसतं "अपवाद आहे" म्हणून गप्प करायचं नाहीये, कोणी नीट समजावेल का?

सूक्ष्मदर्शी:
पोरीनं बरोबर जागी बोट ठेवलंय. "न्यूक्लियस नसतो" ही व्याख्याच अर्धी आहे. बॅक्टेरियात डीएनए असतोच की, फक्त त्याभोवती पटल नसतं, तो पेशीद्रवातच गुंडाळलेला असतो, त्याच्यावरून रायबोझोम प्रथिनं बनवतात, पेशी वाढते आणि दुभंगते, ई. कोलायला सगळं मनासारखं मिळालं तर साधारण २० मिनिटांत एकाच्या दोन. लाल पेशीचं उलटं आहे. अस्थिमज्जेत ती घडायला लागते तेव्हा तिला चांगला न्यूक्लियस असतो, पक्व होताना ती तो बाहेर टाकते, मग मायटोकॉन्ड्रिया (पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग) आणि रायबोझोम पण जातात, आणि आत उरतं ते मुख्यतः हिमोग्लोबिन. आत्ता आत काय शिल्लक आहे यावरून गट ठरत नाही, पेशी कुठल्या वंशातली आणि कशी घडली ते बघायचं. पक्ष्यांच्या आणि बेडकाच्या लाल पेशींचा फोटो तिला जरूर दाखवा, त्यात न्यूक्लियस स्पष्ट दिसतो.

गवतफूल:
विभागणीचं मी सांगते. प्रत्येक पेशीनं विभागलंच पाहिजे असं सिद्धांत म्हणतच नाही, ती आधीच्या पेशीपासून आलेली असली की झालं. लाल पेशी तशी आलेलीच आहे, तिच्यापासून पुढे कोणी होत नाही एवढंच, सुमारे १२० दिवस काम करते आणि संपते.
खरं तर हा मुद्दा सिद्धांतात नंतर आलाय. श्लायडेननं १८३८ मध्ये वनस्पतींबद्दल आणि श्वाननं १८३९ मध्ये प्राण्यांबद्दल मांडलं तेव्हा दोघांनाही वाटायचं की नव्या पेशी द्रवातून स्फटिकासारख्या जमून येतात! रेमाकनं १८५२ मध्ये ते खोडून काढलं आणि पेशी विभाजनानंच होतात असं सांगितलं, पण श्रेय गेलं १८५५ मध्ये तेच म्हणणाऱ्या फिर्खोला. मला हे फार खटकतं, रेमाकचं नाव मुलीला नक्की सांगा.

निळी_शाई:
दोघांचे खूप आभार, तिला वाचून दाखवलं. लगेच पुढचा प्रश्न आला, मायटोकॉन्ड्रिया टाकून दिल्यावर लाल पेशीला ऊर्जा कुठून मिळते?

सूक्ष्मदर्शी:
ग्लुकोज ऑक्सिजनशिवायच तोडते आणि लॅक्टिक आम्ल बाहेर सोडते. त्यामुळे जो ऑक्सिजन ती वाहून नेते त्यातला ऊर्जेसाठी स्वतः काहीच खर्च करत नाही, सगळा पुढे पोचवते.