अनुभव धागा: विधानसभेसाठी नाव नोंदवणं, बदलणं आणि मत देणं (ठाणे, नवी मुंबई)

कुठे गाडी अडते आणि का अडते, ते माहीतगारांनी इथे लिहा. रागाच्या कहाण्या नकोत, दुसऱ्याला उपयोगी पडेल असं नेमकं लिहा. सुरुवात मीच करते.

मतदार कार्ड असलं म्हणजे मत आहे, हा समज आधी डोक्यातून काढा. यादीत नाव नसेल तर कार्डाचा काही उपयोग नाही. उलट यादीत नाव आहे पण कार्ड हरवलंय, तर आधार, पॅन, पासपोर्ट, वाहन परवाना, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक यांपैकी काहीही चालतं. घरी येणारी मतदार चिठ्ठी मात्र २०१९पासून ओळखीचा पुरावा धरत नाहीत.

म्हणून आज दोन मिनिटं काढा. व्होटर्स डॉट ईसीआय डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर कार्डाच्या नंबरने घरातल्या प्रत्येकाचं नाव शोधा. प्रत्येकाचं म्हणजे प्रत्येकाचं. मतदारसंघाची यादी भागांमध्ये विभागलेली असते; नवरा एका यादी भागात आणि बायको दुसऱ्यात, हे सर्रास दिसतं. यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक दोन्ही लिहून ठेवा.

घोडबंदर रोडवरून

'मी ठाण्यात राहतो' याचा अर्थ 'ठाणे मतदारसंघ' असा होत नाही. ओवळा-माजिवडा १४६, कोपरी-पाचपाखाडी १४७, ठाणे १४८, मुंब्रा-कळवा १४९ असे एका शहरात चार. घोडबंदर रोडचा बराच पट्टा १४६मध्ये येतो, नौपाडा १४८मध्ये, वागळे इस्टेट १४७मध्ये. अर्ज भरताना यादीतलं 'ठाणे' दिसलं की लोक तेच निवडतात, मग अर्ज भलत्याच नोंदणी अधिकाऱ्याकडे जातो आणि बाद होतो. शेजाऱ्याच्या कार्डावर मतदारसंघ बघून घ्या, सगळ्यात सोपं.

खारघर

नवी मुंबईतही तीच गंमत. ऐरोली १५० आणि बेलापूर १५१ हे ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, कळंबोली मात्र पनवेल १८८, जिल्हा रायगड. अर्जात जिल्हा 'ठाणे' टाकलात तर पनवेल त्या यादीत सापडणारच नाही.

काही वर्षं बीएलओचं (घरोघरी जाऊन मतदारांची नोंद तपासणाऱ्या अधिकाऱ्याचं) काम केलेली शिक्षिका

फॉर्म ६, म्हणजे नव्या नोंदणीचा अर्ज, फक्त ज्यांचं नाव देशात कुठेही नाही त्यांच्यासाठी. अठरा पूर्ण झाले का, हे धरायच्या वर्षात चार तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झाले की आगाऊ अर्ज करता येतो.

लागतं काय, तर पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो, वयाचा पुरावा (जन्मदाखला, दहावीचं प्रमाणपत्र, पॅन, आधार वगैरे) आणि पत्त्याचा पुरावा. भाड्याने राहणाऱ्यांचा करारनामा नोंदणीकृत लागतो, नुसता नोटरी केलेला नाही. घरातल्या कुणाचा कार्ड नंबर दिलात तर नाव त्याच यादी भागात जाणं सोपं होतं.

आता दोन चुका, ज्या मी सगळ्यात जास्त पाहिल्या. पहिली मराठी नावाची. इंग्रजीत टाइप केलं की मराठी रकाना आपोआप भरतो आणि 'पाटील'चं 'पतिल' होतं. यादी मराठीत छापली जाते आणि त्या रकान्यात जे आहे तेच छापून येतं. प्रत्येक अक्षर हाताने दुरुस्त करा, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावाचंसुद्धा.

दुसरी पत्त्याची. आम्ही दुपारी येतो, फ्लॅटला कुलूप असतं, गेटवरचा वॉचमन 'इथे कोणी राहत नाही' म्हणतो. विंग, फ्लॅट नंबर आणि सोसायटीच्या पाटीवर असेल तेच नाव लिहा. सिडकोच्या घरांना सेक्टर, प्लॉट आणि इमारत क्रमांक तिन्ही हवेत. मोबाइल नंबर चालू असलेलाच द्या, अनोळखी फोन उचला, आणि वॉचमनला व सेक्रेटरीला सांगून ठेवा. संदर्भ क्रमांक मिळतो, त्यावर अर्ज कुठपर्यंत आला ते आठवड्यातून एकदा बघा.

कोपरखैरणे

आमच्याकडे निम्म्या घरांचं नाव गावाला. सातारा, सांगली, कोकण. ग्रामपंचायतीचं मत सुटू नये म्हणून तिथलं ठेवतात आणि इथे फॉर्म ६ भरून दुसरं करतात. असं करू नका. फॉर्म ६मध्ये 'माझं नाव इतरत्र नाही' असं लिहून देता आणि खोट्या प्रतिज्ञापनाला एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. इथे राहता तर फॉर्म ८, म्हणजे पत्ता बदलाचा आणि दुरुस्तीचा अर्ज, भरा. २०२२पासून दुसऱ्या मतदारसंघात बदलायलाही तोच आहे. जुनं नाव त्यातूनच निघतं, कार्डाचा नंबर तोच राहतो.

लग्न होऊन आलेल्यांसाठी: फॉर्म ८मध्ये पत्ता बदल किंवा नावातली दुरुस्ती, एका वेळी एकच खूण करायची. आधी पत्ता बदला, तो मंजूर झाला की आडनावासाठी दुसरा अर्ज.

पुनर्विकासात गेलेल्या सोसायटीचा सेक्रेटरी

इमारत पाडली की सगळे तीन-चार वर्षं इकडेतिकडे भाड्याने. बीएलओ येतो तेव्हा जागेवर पत्रे आणि क्रेन. मग 'स्थलांतरित' असा शेरा. नाव यादीतून गेलं नसेल पण गैरहजर-स्थलांतरित-मयत यादीत आलं असेल, तरी मत देता येतं. केंद्राध्यक्ष ओळख जास्त कसून तपासतात आणि लेखी घोषणा घेतात, तेव्हा मूळ ओळखपत्र न्याच. नावच वगळलं असेल तर मतदानाच्या दिवशी काही करता येत नाही. तिथे हुज्जत घालू नका, ते त्यांच्या हातात नसतं.

प्रश्न: निवडणूक जाहीर झाल्यावर अर्ज केला तर चालेल का?

बीएलओ शिक्षिका: चालतो, पण हातात फार थोडे दिवस असतात. २०२४ला घोषणा १५ ऑक्टोबरला, उमेदवारी अर्ज भरायची शेवटची तारीख २९, आणि नावनोंदणीचे अर्ज घेतले ते १९ पर्यंत. हरकतींसाठी सात दिवस ठेवावे लागतात, म्हणून दहा दिवस आधी दार बंद. ८५ वर्षांवरच्यांना आणि ४० टक्के अपंगत्व असलेल्यांना घरून मत द्यायचं असेल तर फॉर्म १२ डी अधिसूचनेनंतर पाच दिवसांत द्यायचा. हे बहुतेकांना कळतं तेव्हा मुदत गेलेली असते.

मतदान केंद्रावर काम करणारा, वाशी

आत गेल्यावर पहिला अधिकारी नाव वाचतो, दुसरा सही घेऊन डाव्या तर्जनीला शाई लावतो आणि चिठ्ठी देतो, तिसरा ती घेऊन यंत्र सुरू करतो. निळं बटण दाबा, लाल दिवा लागेल, शेजारच्या यंत्राच्या काचेत तुमच्या मताची छापील चिठ्ठी सात सेकंद दिसेल. तिकडे बघा, लोक बीप होताच निघतात. चिठ्ठीवर दुसरंच चिन्ह दिसलं असं वाटलं तर तिथेच सांगा. लेखी घोषणा घेऊन सगळ्यांसमोर चाचणी मत घेतात. मात्र घोषणा खोटी निघाली तर कारवाई होते.

तुमच्या नावावर आधीच कोणी मत दिलेलं असेल तर परत फिरू नका. 'प्रदत्त मत' मागा. कागदी मतपत्रिका मिळते, ती वेगळ्या पाकिटात जाते. नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत, पण निकालाला कोर्टात आव्हान मिळालं तर तीच कामी येते.

२०२४ला वेळ सकाळी सात ते संध्याकाळी सहा होती. सहाला रांगेत असाल तर टोकन मिळतं, रांगेच्या शेवटच्या माणसापासून पुढे वाटत येतात. गर्दी सकाळी साडेसातपर्यंत आणि पुन्हा चारनंतर. भर दुपारी केंद्र रिकामं असतं.

ऐरोली

कागदपत्रं मोबाइलमध्ये आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. २०२४ला केंद्रात फोन नेऊ देत नव्हते, त्यामुळे डिजिलॉकर काढणार कुठे? मूळ प्लास्टिक किंवा कागदच खिशात ठेवा. कंपनी मुंबईत आणि मत इकडे असलं तरी पगारी सुट्टीचा हक्क आहे, लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १३५ ब. एचआरला हा कलम नंबर आदल्या आठवड्यातच मेल करून ठेवा.