४२ नंबरचे जेन्ट्स शर्ट, उंची ५ फूट १ इंच: ऑफिसला कसे घालू?

मिनू_पुणे: बाबांचे सुती फुल शर्ट आहेत, कापड एक नंबर. माझी छाती ३४. जीन्सवर घातला की नाइटड्रेस वाटतो. फिटिंग करून घेऊ का? की आहे तसाच घालता येईल?

सुईदोरा: फिटिंग नको, उंची कमी करा. ४२ च्या शर्टाची छाती तयार मापात ४५-४६ इंच भरते आणि मुंढा (बाही जोडतात तो काखेचा घेर) खोल असतो. नुसत्या बाजूच्या शिवणी आत घेतल्या तर मुंढा तेवढाच खोल राहतो, आणि हात वर केला की अख्खा शर्ट वर ओढला जातो. घ्यायचंच असेल तर मुंढ्याखाली तीन इंच सोडून, दोन्ही बाजूंना जेमतेम एकेक इंच. खांदा कापायला लावू नका. त्यासाठी बाही उसवून परत बसवावी लागते, खर्चही वाढतो आणि ढगळपणाची मजाही जाते. खांद्याची शिवण हाडापासून दीड-दोन इंच उतरली तरी चालते. त्याहून खाली गेली की मागून आणलेला शर्ट दिसतो.

उंची साधारण २९-३० इंच असेल, ती तुम्हाला २६ पुरे. टेलरला सांगा, खालची गोलाई तशीच ठेव, सरळ कापू नको. कापायच्या आधी खालचं शेवटचं काज कुठे येतंय बघा. ते नेमकं दुमडीवर आलं तर तिथे गाठोडं होतं, मग अर्धा इंच इकडेतिकडे करायचं. शर्ट नवीन असेल तर आधी एकदा धुवा.

कडक_इस्त्री: वरचं मान्य, पण कापडाचं कुणी बोललंच नाही. कडक पॉपलिन अंगापासून दूर उभं राहतं, त्यात खळ घातली तर बघायलाच नको. धुवून धुवून मऊ पडलेले शर्ट आधी काढा. जाड ऑक्सफर्ड कापडाचे शर्ट बटणं उघडी टाकून, आत अंगाबरोबरचा टी-शर्ट घालून वापरा.

बाह्या नुसत्या गुंडाळू नका, कोपराशी वळकटी होते. कफचं बटण काढा, कफ उलटा करून थेट कोपराच्या वर न्या. मग खाली राहिलेली दुमड अर्ध्यापर्यंत वर घ्या, कफची कड थोडी दिसू द्या. मनगट मोकळं राहिलं की बाकीचा घेर मुद्दाम घेतल्यासारखा वाटतो. शर्टावरून पट्टा बांधू नका, कमरेखाली झालर होते.

मिनू_पुणे: आणि पुढून अर्धा खोचला तर? माझा तासाभरात सुटतो.

सुईदोरा: पँट लो वेस्ट असेल तर बसलं की सुटणारच, बेंबीपर्यंत येणारी घ्या. गुळगुळीत पॉलिस्टरच्या पँटमध्येही सुती शर्ट सरकतो, जीन्स धरून ठेवते. शेवटची दोन बटणं उघडी ठेवा, पुढचा एकच पाखा (बटणपट्टीची एक बाजू) बक्कलच्या बाजूला खोचा आणि दोन्ही हात एकदा वर करा. जेवढं बाहेर यायचं ते तेव्हाच येतं. तरी सुटलं तर नेफ्याला आतून सेफ्टी पिन.

कडक_इस्त्री: खाली ढगळ पँट असेल तर मात्र अर्धं नको, पूर्ण खोचा. या उंचीला दोन्हीकडे घेर आणि कंबर गायब, हे फार कमी जणींना जमतं. मला तर कुणालाच जमलेलं आवडलेलं नाही!