नॉकआउट नाही म्हणून फिकं?

मुष्टियुद्धाचा १३-१४ सप्टेंबर २०२५ चा शनिवार-रविवार 'नॉकआउटविना फुकट गेला', म्हणजे ठोशाने आडवं पाडून कुणी लढत संपवली नाही, असं कुणीतरी म्हटलंय. अजिबात पटलं नाही. शनिवारी लास वेगासला टेरेन्स क्रॉफर्डने कनेलो अल्वारेझला तीन पंचांच्या गुणांवर हरवलं (११६-११२ आणि दोनदा ११५-११३), रविवारी जपानमधल्या नागोयात नाओया इनोउएने अखमदालियेव्हला.

क्रॉफर्डची आधीची लढत १५४ पौंडांत होती, ही १६८ मध्ये, म्हणजे मधला एक आख्खा वजनगट ओलांडून. अंगाने मोठा कनेलो चालून येणार हे उघडच होतं. पण पठ्ठ्या डावखुऱ्या पवित्र्यात उभा राहून उजव्या जॅबने (पुढच्या हाताच्या सरळ ठोशाने) त्याला अंतरावर अडवत होता, आणि कनेलो आत घुसला की दोन-तीन ठोसे लगावून बाजूला. कनेलोचे बरेच जोरकस ठोसे हातांवर किंवा हवेत गेले. १४० आणि १४७ पौंडांनंतर हा तिसरा गट, जिथे चारही प्रमुख जागतिक संघटनांचे विजेतेपदाचे पट्टे त्याच्या एकट्याकडे आले. चार पट्ट्यांच्या जमान्यात पुरुषांमध्ये हे त्याआधी कुणाला जमलं नव्हतं.

इनोउएचं तर मला जास्तच कौतुक वाटलं. नेरी आणि कार्देनास, या आधीच्या दोन्ही प्रतिस्पर्ध्यांनी त्याला एकेकदा खाली पाडलं होतं, ते त्याच्याच अंगावर धावून जाण्याच्या खुमखुमीपायी. या वेळी साहेब बारा फेऱ्या शहाण्यासारखे खेळले! आत-बाहेर, जॅब, पोटात एक, की पुन्हा लांब. ११८-११० दोनदा, ११७-१११ एकदा. एकतर्फी होतं, मान्य. कंटाळवाणं? मी तर नागोयाची लढत दुसऱ्यांदा बघतोय.