थंडीत ग्राउंड सकाळी साडेसहाला कशाला? बाराला ठेवा ना!

झिंगाबाई टाकळीचा बाप
मुलाच्या शाळेच्या ग्रुपवर परवा सूचना आली. क्रीडा सप्ताहाचा सराव सोमवारपासून. पाचवी ते आठवीची मुलं सकाळी साडेसहाला ग्राउंडवर हजर पाहिजेत, हाफ पँट आणि हाऊसचा टी-शर्ट, स्वेटर चालणार नाही. डिसेंबरात नागपुरात सूर्यच पावणेसातच्या सुमारास उगवतो. म्हणजे पोरं अंधारात पळणार.

माझा सहावीत आहे. दमा आहे, फार नाही, पंप दप्तरात असतो. मागच्या वर्षी तीन राउंड मारले तोवर ठीक होता, थांबल्यावर पाच-सात मिनिटांनी छाती भरून आली. सर म्हणाले, पळताना काही नव्हतं, आता नाटक करून राहिला. डॉक्टरांनी नंतर समजावलं की हे असंच होतं. थंड, कोरडी हवा तोंडाने भराभर ओढली की श्वासनलिकेतला ओलावा उडतो, नळ्या आक्रसतात, आणि त्रास बहुतेक वेळा थांबल्यावरच जोर धरतो.

त्यात सकाळची हवा. रात्रभर जमीन गार होते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होऊन खालीच बसते, वर गरम हवेचं झाकण. शेकोट्या, जाळलेला कचरा, गाड्या, कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या चिमण्या, सगळा धूर त्या झाकणाखाली. ऊन चढल्यावर हवा ढवळते, मग कुठे तो विरतो.

खेळ कमी करा म्हणणारा मी नाही. डिसेंबर-जानेवारीतलं दुपारी बाराचं ऊन म्हणजे या शहराला वर्षातून दोन महिने मिळणारी चैन. त्या वेळी आपण पोरांना वर्गात कोंडून गणित शिकवतो आणि गणिताच्या वेळी पळवतो. अदलाबदल करा, बस. २०२५ च्या फेब्रुवारीत गुलमर्गला बर्फच पुरेसा नव्हता, तर खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा पुढे ढकलल्या आणि मार्चमध्ये घेतल्या. देशपातळीवरची स्पर्धा हवामानासाठी थांबते, आमचा क्रीडा सप्ताह साडेपाच तास थांबू शकत नाही?

पीटीवाले सर
साहेब, मी पीटी शिक्षक आहे. तुमच्या मुलाच्या शाळेत नाही, पण शिव्या मलाच बसल्यासारखं वाटलं म्हणून लिहितो.

गुलमर्गचं उदाहरण तुम्ही दिलं, ते माझ्या बाजूने आहे. तिथे बर्फ जितके दिवस, तितकाच सीझन. आमचाही तसाच आहे, मोजून घ्या. जून जवळपास शाळेत नसतोच. २०२४ ला विदर्भातल्या शाळा १ जुलैला उघडल्या, २०२५ ला २३ जूनला, उन्हामुळेच. जुलै ते सप्टेंबर ग्राउंड म्हणजे काळ्या मातीचा चिखल, बूट आत राहतो आणि पाय वर येतो. मग सहामाही, दिवाळी. फेब्रुवारीच्या अर्ध्यावर ऊन लागायला लागतं, मार्चपासून परीक्षा, एप्रिलमध्ये शाळा सात ते सव्वाअकरा. दिवाळीची सुट्टी संपल्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत जे मिळतं तेवढंच. आणि स्पर्धांचं वेळापत्रक पुण्याच्या क्रीडा आयुक्तालयाच्या हिशेबाने चालतं, आमच्या उन्हाच्या नाही. दहावीच्या पोरांचे क्रीडा गुण त्यावर असतात.

बाराला ग्राउंड म्हणता. आमची शाळा दोन पाळ्यांत भरते. बाराला सकाळची सुटते, दुपारची येते. एका ग्राउंडवर दोन पाळ्यांची पोरं, त्यांच्या सायकली, व्हॅनवाले काका आणि पालकांच्या स्कूटर. तिथे मी रिलेचा सराव कुठे घेऊ? आणि गणिताचे सर तास सोडतील असं वाटत असेल तर एकदा स्टाफरूममध्ये येऊन मागून पाहा.

दम्याच्या पोराला नाटक म्हणणं चूक. त्यावर वाद नाही.

वर्धा रोडवरचा खडूस
आमच्या लहानपणी कोणालेच दमा नव्हता काय? ग्राउंडवर पोहोचेपर्यंतच दोन किलोमीटर चालत जाऊन राह्यलो होतो, बिना चपलेचे. आता दहा अंश झाले का पोराले गोधडीत गुंडाळता. बर्फावर स्की करणारे पाहा, उणे पंधरात पळतात.

झिंगाबाई टाकळीचा बाप
@खडूस, बरं झालं स्कीवाल्यांचं नाव काढलं. त्यांच्याकडे थंडीचा नियम आहे. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या नियमात, मार्गावरच्या सर्वांत थंड जागी पारा उणे २० च्या खाली गेला की क्रॉस-कंट्री शर्यत पुढे ढकलायची किंवा रद्द करायची. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये पुरुषांची ५० किलोमीटरची शर्यत वारा आणि थंडीमुळे तासभर उशिरा सुरू केली आणि ३० किलोमीटरच्या आत आणली. आयुष्यभर त्या थंडीत तयार झालेले गडी, तरी कापली. शिवाय लांब पल्ल्याच्या स्कीपटूंमध्ये दम्याचं प्रमाण एरवीपेक्षा जास्त आढळतं, वर्षानुवर्षं गार हवा ओढल्याने. म्हणजे थंडीत पळून फुफ्फुस लोखंडाचं होतं हा आपला समज त्यांनाच लागू पडत नाही.

वर्धा रोडवरचा खडूस
उणे वीस! आणि तुमी अधिक दहाले रडून राह्यले. माझंच म्हणणं सिद्ध केलं ना भाऊ.

झिंगाबाई टाकळीचा बाप
आकडा तोच लावा असं कुठे म्हटलं? आकडा असावा एवढंच म्हणतो. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात ३.५ अंश होतं. त्या दिवशी ग्राउंड घ्यायचं की नाही हे कुठल्या कागदावर लिहिलं होतं? उन्हासाठी महापालिकेचा उष्माघाताचा आराखडा आहे, शाळांच्या वेळा बदलतात. थंडीसाठी काय, तर सरांची मर्जी. चौथीपर्यंतची शाळा नऊच्या आधी नको, असं शासनानेच २०२४ मध्ये काढलं. कबूल, ते पोरांच्या झोपेसाठी होतं. पण पाचवीत गेल्याबरोबर झोप आणि फुफ्फुस दोन्ही एकदम मोठी होतात काय?

हवामानवेडा
एक दुरुस्ती. वीजकेंद्राची चिमणी फार उंच असते. पहाटे तिचा धूर बहुतेक वेळा त्या झाकणाच्या वर किंवा आतल्या थरात आडवा पसरतो, लगेच खाली येत नाही. उन्हं तापायला लागून खालची हवा ढवळू लागली की तो ओढला जाऊन काही काळ जमिनीवर उतरू शकतो, साधारण सकाळी उशिरा. पहाटे तुमच्या पोराच्या नाकात जातो तो मुख्यतः गल्लीतला: शेकोटीतलं टायर, नाल्याकाठी पेटवलेला कचरा, स्कूलव्हॅनचं डिझेल. पीटीवाले सर साडेआठची तडजोड सुचवतील असं दिसतं, पण साडेआठ-नऊ ही प्रत्येक ठिकाणी चांगली वेळ असेलच असं नाही. दुपार बरी, यात मी तुमच्याच बाजूने आहे. फक्त कारण नीट द्या, नाहीतर कोणी तरी चिमणीवर बोट ठेवून तुमचा अख्खा मुद्दा उडवेल.

नंदनवनची आई
तुम्हा सगळ्यांचा वाद घड्याळावर चालला आहे. माझी मुलगी सातवीत, सिकल सेलची पेशंट. विदर्भात अशी मुलं किती घरांत आहेत हे इथे कोणाला सांगायला नको. तिला थंडी बाधते, अंगात पाणी कमी पडलं तरी बाधते, आणि दम निघेपर्यंत पळवलं तरी बाधते. रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, मग हातपाय असे दुखतात की रात्रभर घरात कोणी झोपत नाही. सकाळी सहाला थंडी, बाराला ऊन आणि नळाला पाणी नाही. तिच्यासाठी दोन्ही सारखंच.

तिला खेळायचं आहे. लंगडीत ती चांगली आहे. मला वेळ बदलून नको, मला चार गोष्टी हव्यात: स्वेटर घालू द्या, मध्ये पाणी पिऊ द्या, दमली म्हटल्यावर बसू द्या, आणि बसली म्हणून हाऊसचे गुण कापू नका. मागच्या वर्षी गुण कापले. दुखण्यापेक्षा मैत्रिणी बोलल्या त्याचं तिला जास्त लागलं.

२०२३ मध्ये सिकल सेलचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, तपासण्या होतात, कार्डं मिळतात. ते कार्ड पीटीच्या सरांपर्यंत पोहोचतं का?

पीटीवाले सर
नाही पोहोचत, ताई. खरं सांगतो. प्रवेशाच्या फॉर्ममध्ये रक्तगट असतो, तो ऑफिसच्या कपाटात. माझ्याकडे फक्त हजेरीपट असतो. वर्गशिक्षकांनी तोंडी सांगितलं तर कळतं, आणि शिक्षक बदलला की तेही गेलं. या वर्षी मीच कोऱ्या वहीत लिहून घेतो आहे: दमा, सिकल सेल, फिट, हृदयाचं काही. पालकांपैकी निम्मे लिहूनच देत नाहीत. मुलीचं तर नाहीच, लग्नाची काळजी आत्तापासून.

धरमपेठकर
कोणीच बोललं नाही म्हणून विचारतो. खासदार क्रीडा महोत्सव २०२२ ला मे महिन्यात झाला होता, २०२३ ला जानेवारीत. तारीख हलवता येते, हे शहराने पाहिलं आहे. मग तास का हलत नाही?

पीटीवाले सर
महोत्सवाला दोन पाळ्या आणि चाळीस मिनिटांची तासिका नसते, भाऊ. बाराला मी ग्राउंड देऊ शकत नाही. शनिवारी पाळ्या वेगळ्या असतात, तेव्हा दहा ते साडेअकरा मिळेल. उरलेले दिवस सातच्या आत नाही घेणार, आणि सुरुवातीची पंधरा मिनिटं हळूहळू चालत, एकदम राउंड नाही. दम्याच्या पोरांना त्याचा फायदा होतो हे मी पाहिलं आहे. याच्या पुढे मुख्याध्यापकांशी बोला.

झिंगाबाई टाकळीचा बाप
सात म्हणजे तरी अंधुकच की हो. पण तुम्ही निदान बोलता. आमच्या ग्रुपवर अ‍ॅडमिनशिवाय कोणाला लिहिताच येत नाही.

नंदनवनची आई
सर, स्वेटरचं राहिलं. हाऊसचा रंग दिसला पाहिजे म्हणून काढायला लावतात.

पीटीवाले सर
टी-शर्ट दोन नंबर मोठा घ्या, स्वेटरवरून बसतो. आमच्याकडे आम्ही तसंच करतो.