पाणथळीतल्या कुंपणातून बोटुकली (माशांची बोटाएवढी पिल्लं) गायब होतेय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
पाणथळीच्या कडेला बांबू रोवून, जाळं बांधून कुंपण केलंय. पाणी छातीपर्यंत. आत कटला, रोहू, मृगळ आणि थोडे सायप्रिनस (कॉमन कार्प) सोडलेत. पेंड आणि भाताचा कोंडा देतो, पण हल्ली निम्मं खाद्य ताटात तसंच उरतं. मेलेला मासा एकही तरंगत नाही. पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकला तर कटला-रोहू येतात, मृगळ आणि सायप्रिनस जवळजवळ नाहीतच. पाण्यावरचं जाळं धड आहे. शिवाय पहाटे मासे वर येऊन तोंड उघडमीट करतात. रोग म्हणायचा की चोरी?

गाळकरी: रोग असता तर मेलेले दिसले असते. माझा संशय तळावर. कुंपणाला खालून जाळं नसतं, तिथला गाळ हाच तळ. सायप्रिनस तोंडाने गाळ उकरत चरतो, त्यात जाळ्याची खालची कड उघडी पडते. पाण्यात उतरून पायाने चाचपत पूर्ण वळसा घाला. दोन बांबूंच्या मधे पाऊल पलीकडे गेलं, तर मासाही जातो. कड हातभर गाडून वर वाळूच्या पिशव्या टाका. खेकड्याने कातरलेली भोकंही खालीच सापडतील.

पाणकोंबडा: पागावरून हिशेब करू नका हो. मृगळ आणि सायप्रिनस पाग पडला की गाळात दबून बसतात. ओढजाळं फिरवून बघा. आणि सोडण्याआधी आतले मरळ (दुसरे मासे खाणारा मासा) काढले होते ना? पण मरळाने खाल्ले असते तर कटला-रोहूही घटले असते, म्हणून गाळकरींचंच खरं वाटतं.
पहाटेचं दुखणं वेगळं. रात्री पाणवनस्पती प्राणवायू वापरतात, म्हणून पहाटे तो माशांना कमी पडतो, त्यात जलपर्णी जाळ्याला चिकटून पाणी खेळू देत नाही. ती काढा, जाळ्यावरचं शेवाळ घासा. मासे वर असतील त्या सकाळी खाद्य नकोच. उरलेली पेंड कुजून आणखी प्राणवायू खाते.

धागाकर्ता: धन्यवाद! एका बाजूला पाय खरंच पलीकडे गेला. पण तिथला गाळ इतका मऊ की गाडलेली कड सुटते. आतून बांबूच्या कामट्यांचा तट्टा लावला तर?

गाळकरी: चालेल. फक्त कामट्या गाळाखालच्या घट्ट मातीपर्यंत पोचू द्या, आणि तट्टा जाळ्याला घासणार नाही असा बांधा.