निवृत्त नौसैनिक शाळेत मास्तर म्हणून चालतील का?

चेसापीककर

कन्या यंदा नववीत, म्हणजे इथल्या हिशोबाने हायस्कूलच्या पहिल्या वर्षाला. ऐच्छिक विषयांत तिने एनजेआरओटीसी, म्हणजे अमेरिकी नौदलाचं शाळेतलं छात्रपथक, घेतलं आणि घरात दोन तट पडले. नवरा म्हणतो, हे पोरांना फौजेत ओढायचं जाळं आहे. मी म्हणते, त्या शाळेतला सगळ्यात चांगला मास्तर तिथेच बसलाय. म्हणून हा धागा.

माहीत नसलेल्यांसाठी: अमेरिकेत १९१६ च्या कायद्याने हायस्कुलांत लष्कराची छात्रपथकं आली, १९६४ च्या कायद्याने नौदलालाही वाट मिळाली. आज सगळ्या दलांची मिळून साडेतीन हजारांच्या आसपास पथकं आहेत, नौदलाची त्यात काहीशे. शिकवायला सहसा दोघं असतात, एक निवृत्त अधिकारी आणि एक निवृत्त चीफ (अधिकाऱ्यांच्या खालचा, जुना अनुभवी नौसैनिक) किंवा तत्सम. दोघंही शाळेचे कर्मचारी. पगार शाळा देते, त्यातला वाटा नौदल उचलतं. विषयाचं नाव नेव्हल सायन्स. त्यात नौदलाचा इतिहास, सागरी भूगोल, समुद्रविज्ञान, हवामान, दिशादर्शन असं बरंच काही येतं. जोडीला ड्रिल, एअर रायफल, नकाशा-होकायंत्र घेऊन रानात पळणं. पुढे नौदलात जायचं बंधन नाही.

आम्ही व्हर्जिनियात, नॉरफोकच्या तळाजवळ. वीस वर्षं जहाजावर काढून चाळिशीत निवृत्त झालेले लोक इथे पैशाला पासरी. आमचे चीफ पाणबुडीवर होते. आठवड्यातून एकदा मुलांनी गणवेशात यायचं, की तपासणी. शर्टाची कड, पट्ट्याचं बक्कल आणि पँटच्या झिपची कड एका उभ्या रेषेत हवी. शिवणीतून दोरा लोंबत असेल तर चीफ ओरडत नाहीत. खिशातली छोटी कात्री पुढे करतात, तूच काप म्हणतात. काही आठवड्यांनी तीच कात्री नववीतल्या एखाद्या बुजऱ्या पोराच्या हातात असते आणि तो इतरांचे दोरे शोधत फिरतो. हे बी.एड.मध्ये शिकवत असतील तर मला माहीत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की हा माणूस शाळेत हवा. विरोधकांनी यावं.

शंकासुर

म्हणजे आपली एनसीसीच ना? मग एवढी चर्चा कशाला. आम्ही परेडनंतरच्या नाश्त्यासाठी जायचो. देशभक्ती वगैरे नंतर आली.

जुनाट_खलाशी

@शंकासुर, दिसायला सारखं, पण आतली रचना उलटी आहे. १९४८ च्या कायद्याने आलेल्या आपल्या एनसीसीत शाळा-कॉलेजातल्याच एका शिक्षकाला निवडतात, कामठीच्या अकादमीत प्रशिक्षण देतात आणि तो एएनओ, म्हणजे एनसीसीचा सहयोगी अधिकारी, होतो. म्हणजे मास्तराला फौजी करतात. कवायत शिकवायला हवालदार किंवा पेटी ऑफिसर येतात, पण ते युनिटचे, शाळेचे नव्हेत. अमेरिकेत फौजीला मास्तर करतात. वाद आहे तो इथे.

मी स्वतः लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीत, नौदलाच्या अभियांत्रिकी प्रशिक्षण केंद्रात, घडलेला माणूस, त्यामुळे माझं मत कुठे झुकणार ते उघड आहे. आपल्याकडे नौसैनिकाला पंधरा वर्षांनी पेन्शन लागू होते. पस्तिशीच्या आतबाहेर माणूस बाहेर पडतो, इंजिनरूम चालवलेला, वीस-बावीस वर्षांची पोरं सांभाळलेला. मग काय? बँकेच्या दारात बंदूक घेऊन स्टुलावर बसतो. काम हलकं नाही, पण त्याला येतं ते सगळं वाया. बोलाइनची गाठ डोळे मिटून मारायला शिकवताना पोराच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते मी पाहिलंय. अमेरिकेने या माणसांचं सोनं केलं. आपण गार्ड केले.

अस्मिता_बे_एरिया

कात्री छान आहे. पण एका चांगल्या चीफवरून धोरण ठरत नाही.

न्यूयॉर्क टाइम्सने २०२२ मध्ये तपास करून छापलं, की आधीच्या पाच वर्षांत जेआरओटीसीच्या (म्हणजे सगळ्या दलांच्या शालेय छात्रपथकांच्या) किमान ३३ प्रशिक्षकांवर विद्यार्थिनींशी आणि विद्यार्थ्यांशी लैंगिक गैरवर्तनाचे फौजदारी आरोप झाले. त्याच वर्षी अमेरिकी संसदेच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली. हे लोक पोरांना कुठून मिळाले? आपणच वर्गात आणून बसवले, छातीवर पदकांच्या पट्ट्या लावून.

दुसरं, 'बंधन नाही' हे कागदावर खरं आहे. पण तीन वर्षं हा विषय घेतलेला मुलगा नौदलात भरती झाला तर एकदम वरच्या वेतनश्रेणीत सुरुवात करतो. हे आमिष नाही तर काय? १९९२ च्या लॉस एंजेलिस दंगलीनंतर तेव्हाचे सेनादलप्रमुख कॉलिन पॉवेल यांनी ही पथकं वाढवायचा आग्रह धरला, तो शहरांतल्या गरीब वस्त्यांतल्या शाळांवर डोळा ठेवून. श्रीमंत उपनगरांत पोरं रोबोटिक्सला जातात आणि इथे कवायतीला.

सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळा मंडळाने २००६ मध्ये हा कार्यक्रम बंद करायचा ठराव केला होता. तेव्हा मला तो योग्यच वाटला, आजही वाटतो.

पुणेरी_मिशिगन

सॅन फ्रान्सिस्कोची गोष्ट अर्धी सांगितलीत. २००८ च्या नोव्हेंबरात तिथल्याच मतदारांनी कार्यक्रम ठेवा म्हणून कौल दिला आणि २००९ मध्ये त्याच मंडळाने ठराव फिरवला. डाव्या वळणाच्या सॅन फ्रान्सिस्कोत, उजव्या नेब्रास्कात नव्हे!

मात्र सक्तीबद्दल मी अस्मिताताईंच्या बाजूने. न्यूयॉर्क टाइम्सनेच २०२२ च्या डिसेंबरात लिहिलं, की काही शहरांत, त्यात आमचं डेट्रॉईटही, नववीच्या मुलांची नावं न विचारताच यात घातली जात होती. ऐच्छिक म्हणायचं आणि नाव काढायला आईबापांनी ऑफिसच्या खेपा घालायच्या, ही शुद्ध लबाडी आहे. अशा ठिकाणी चीफ कितीही देवमाणूस असो, अर्धा वर्ग तोंड पाडूनच बसणार.

शंकासुर

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

गणिताच्या_बाई

जॉर्जियात सरकारी शाळेत गणित शिकवते. माझ्या वर्गापासून दोन दारं सोडून एनजेआरओटीसीची खोली आहे, म्हणून थोडं तपशिलात.

मला परवाना मिळवायला पदवी, परीक्षा, कुणाच्या तरी हाताखाली पाठ घेणं, सगळं करावं लागलं. या मंडळींना नौदलाचं प्रमाणपत्र मिळतं आणि बऱ्याच ठिकाणी नेहमीच्या शिक्षकी पदवीवाचून ते वर्गावर उभे राहतात. पगाराचंही सांगते. कित्येक दशकं नियम असा होता, की निवृत्तिवेतन आणि नोकरीत असतानाचा पगार यातला फरक तरी शाळेच्या पगारातून भरून निघालाच पाहिजे. स्टाफरूममध्ये यावर काय बोललं जातं ते इथे लिहीत नाही.

पण माझी तक्रार पगाराची नाही. माझ्याकडे मूल एक वर्ष असतं, दिवसाला एक तास. घंटा झाली की गेलं. त्यांच्याकडे तेच मूल चार वर्षं असतं. सकाळी शाळेआधी ड्रिलचा सराव, शाळा सुटल्यावर रायफल संघ, शनिवारी स्पर्धा, परगावच्या स्पर्धेला बस, कधी नौदलाच्या तळावर मुक्काम. आईबापांचं पटत नसलेलं पोर घरी जायचं टाळून त्या खोलीत बसतं आणि चीफ त्याला झेंड्याच्या घड्या घालायला लावतात. चार वर्षांत असा माणूस पोराचा काका होतो. चेसापीककरांना जे आवडतं ते यातूनच येतं आणि अस्मिता ज्याला घाबरते तेही यातूनच. एकच गोष्ट आहे ती.

आमचे मुख्याध्यापक माझ्या वर्गात वर्षातून अनेकदा पाठ बघायला येतात. त्या खोलीत क्वचितच. कारण काय, तर 'तिथे शिस्त आहे, बघायला काय जायचं?' नौदलाचे अधिकारी तपासणीला येतात ते बहुतेक वर्षातून एकदा. त्या दिवशी बूट आरशासारखे. शाळेला वाटतं नौदल बघतंय, नौदलाला वाटतं शाळा बघतेय. माझ्या मते घोळ इथे आहे, गणवेशात नाही.

जुनाट_खलाशी

बाई, पटलं, तरी एक सांगतो. जहाजावर तुमच्या डोक्यावर चोवीस तास कुणीतरी असतं. एकटा माणूस कधी काहीच करत नाही, दारूगोळ्याच्या कोठाराची किल्ली घ्यायची तरी नोंद लागते. ज्याने असं आयुष्य काढलं त्याला देखरेखीचा राग येणार नाही. राग येत असेल तर तो माणूस घेऊ नका. सोपी परीक्षा.

अस्मिता_बे_एरिया

काका, माणूस चांगला की वाईट ते परीक्षेत कळत असतं तर काय हवं होतं.

आणि शिस्तीने पोरं सुधारतात यावरही माझा एवढा विश्वास नाही. २०१८ मध्ये पार्कलंडच्या शाळेत सतरा जण मारले गेले, त्यात लष्कराच्या जेआरओटीसीचे तीन छात्र होते. त्यातल्या एकाने इतरांसाठी दार धरून ठेवलं होतं, हे सगळ्यांनी वाचलंय. पण मारणाराही आधी त्याच पथकात होता, तिथल्या रायफल संघात. त्या संघाला एनआरएच्या, म्हणजे बंदूकधारकांच्या बलाढ्य संघटनेच्या, प्रतिष्ठानाचं अनुदान होतं. पथकाने शौर्य शिकवलं म्हणायचं असेल तर बंदूकही हातात दिली, हेही म्हणा.

चेसापीककर

हे मात्र ओढूनताणून होतंय. एअर रायफल तो शिकला म्हणून ते घडलं नाही. त्याला खरी बंदूक दुकानातून कायदेशीर मिळाली, हा या देशाचा रोग आहे आणि त्याचं खापर चीफच्या डोक्यावर फोडू नका.

गणिताच्या बाईंचा मुद्दा मात्र घरी मोठ्याने वाचून दाखवला. नवरा म्हणाला, 'बघ, मी हेच म्हणत होतो.' तो हे अजिबात म्हणत नव्हता, पण असो.

भरतीबद्दल: आमच्याच कंपूत अर्ध्याहून जास्त मुलं एच-४ वर, म्हणजे आईबापांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून, आहेत. ग्रीन कार्डाशिवाय इथल्या नौदलात साधा खलाशीही होता येत नाही, अधिकारी व्हायला तर नागरिकत्व लागतं. त्या पोरांना कोण कशाला ओढेल?

पुणेरी_मिशिगन

एच-४ वाल्यांचं ठीक, पण इथे जन्मलेल्या मुलांचं काय? तुमची कन्या नागरिक असेल तर अकरावी-बारावीत फोन येणारच. आणि तो छात्रपथकात नसलेल्यांनाही येतो. २००१ च्या शिक्षण कायद्यापासून केंद्राचा पैसा घेणाऱ्या शाळांना मुलांची नावं, पत्ते, फोन भरती अधिकाऱ्यांनी मागितले की द्यावे लागतात. पालकांनी लेखी कळवलं तर देत नाहीत. तो फॉर्म वर्षाच्या सुरुवातीच्या गठ्ठ्यात असतो, जो आपण सगळे न वाचता सही करून परत पाठवतो. शोधा आणि भरा. त्यासाठी चीफशी भांडायची गरज नाही.

वसईचा_वारा

अवांतर होईल, पण हा विषय आता आपल्याही दारात आलाय. २०२५ च्या जूनमध्ये शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी जाहीर केलं, की महाराष्ट्रात पहिलीपासून प्राथमिक लष्करी प्रशिक्षण द्यायचं आणि त्यासाठी माजी सैनिकांची मदत घ्यायची. पहिलीपासून! अमेरिकेत निदान नववीपर्यंत थांबतात. सहा वर्षांच्या पोराला नाक पुसायला शिकवायचं की सावधान-विश्राम?

जुनाट_खलाशी

पहिलीला नकोच. पण आठवी-नववीला घ्या की आमच्यासारख्यांना, आणि पूर्ण पगारावर घ्या. मानधनाच्या नावाखाली हातावर काही टेकवून 'देशसेवा करा' म्हणू नका, ती करून झाली आमची. आणि आधी सहा महिने कुठल्यातरी खमक्या बाईंच्या वर्गात मागच्या बाकावर बसवा. फौजेत माझ्यासमोर आलेलं पोर स्वतःहून सही करून आलेलं होतं. शाळेतलं पोर तसं नसतं, आणि हा फरक ज्याला कळत नाही तो निवृत्त ॲडमिरल असला तरी शाळेत नको.

शंकासुर

+१. काकांना खमक्या बाई मिळोत.

अस्मिता_बे_एरिया

सहा महिने मागच्या बाकावर, हे कुणी कायद्यात घातलं तर मी माझा विरोध निम्मा करेन. उरलेला निम्मा गरीब शाळांचा आहे. तिथे मुलांना समुद्रविज्ञान शिकायचं असेल तर ते गणवेशाशिवायही शिकवता आलं पाहिजे. त्या जिल्ह्यांत भौतिकशास्त्राचा शिक्षक मिळत नाही, पण चीफ मिळतो, कारण त्याच्या पगारात नौदलाचा वाटा असतो. शाळेने काय निवडावं हे असं ठरतं. चेसापीककर, तुमच्या मुलीकडे दोन्ही आहेत, म्हणून तुम्हाला ही कात्री गोड वाटते.

चेसापीककर

आमच्या शाळेत भौतिकशास्त्राला दोन वर्षं बदली शिक्षकच आहे हो. ध्रुवताऱ्याच्या उंचीवरून अक्षांश काढायला तिला चीफनीच शिकवलं, त्रिकोणमिती पोचायच्या आधी. तुमचा मुद्दा खोटा नाही, पण त्याची शिक्षा तिला का? भौतिकशास्त्राचा मास्तर येईपर्यंत तिने काय करायचं?

गणिताच्या_बाई

माझ्या वर्गात बसायचं, आणखी काय.

थट्टा सोडा. येत्या पालकसभेला मुख्याध्यापकांना दोन प्रश्न विचारा. परगावच्या बसमध्ये चीफखेरीज दुसरं मोठं माणूस कोण असतं, आणि मागच्या वर्षी त्या खोलीत तुम्ही स्वतः किती वेळा जाऊन बसलात. दुसऱ्या प्रश्नाला ते घसा खाकरतील. तिसऱ्यांदा विचारेपर्यंत सोडू नका. आणि हे चीफच्या समोरच विचारा, त्यांच्या पाठीमागे नको. जुनाट काकांची परीक्षा तिथल्या तिथे होऊन जाईल.

पुणेरी_मिशिगन

आणि तो फॉर्म!