विषय: आर्वीच्या घरातली रिकामी खोली

मंडळींनो, नमस्कार.

आमच्या तळघरातला काळा तंबू पाहून गेल्या संक्रांतीला निम्मं मंडळ हसून गेलं होतं, तेव्हा लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. १७ ऑक्टोबर २०१८ पासून कॅनडात घरटी गांजाच्या ४ झाडांची मुभा आहे आणि ओंटारिओत ती चालते. मी तीन लावली. दिवे, पंखा, कोळशाचा फिल्टर, टायमर, दमटपणा मोजायचं यंत्र, सगळं पद्धतशीर केलं. तरी ऐन फुलोऱ्यात तळघर दमट झालं आणि बोंडांच्या आतून करडी बुरशी चढली. दोन झाडं पिशवीत भरून टाकली. एवढाच माझा अनुभव.

आता खरं काम. आर्वीजवळ आमचं जुनं कवेलूचं घर आहे. त्यातली १० बाय १२ ची खोली रिकामी पडलीय. सोयाबीनच्या भावाने वैतागलेला धाकटा भाऊ विचारतो, "दादा, तू तिकडं खोलीत पिकवतो, तसं इथं काई होते का?" माझ्याकडे जुने दिवे पडून आहेत, पाठवू शकतो. आपल्याकडे औषधी गांजाचा परवाना वगैरे मिळतो असंही कोणी म्हणालं. कोणाला माहिती?

— आर्वीवाला, ब्रॅम्प्टन


आर्वीवाले, परवान्याचं खूळ आधी डोक्यातून काढ.

आपल्याकडे १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा आहे. कलम २० मध्ये गांजाच्या झाडाच्या लागवडीला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड आहे. लागवडीसाठी "एवढी झाडं चालतात" अशी सूट त्यात नाही, एक झाड म्हणजेही लागवड. भांगेची पानं व्याख्येतून वगळलेली आहेत म्हणून काही लोक फाटे फोडतात, पण पान झाडालाच येतं ना. उत्तराखंडने औद्योगिक भांगेला परवाने दिले, ते धाग्यासाठी आणि तिथल्या राज्याच्या नियमाने. आर्वीत त्याचा उपयोग शून्य. तुरीच्या ओळीत लपवलेली झाडं पोलिसांनी उपटून नेल्याच्या बातम्या तूही वाचतोस. इथे तू तंबूत लावतो ते इथलं. भावाला त्यात ओढू नको.

गंमत म्हणजे इंग्रजांच्या काळी मध्य प्रांतात गांजाची परवानगी होती ती खंडवा भागात, म्हणजे आपल्या शेजारीच. पण तो काळ गेला.

— बुलढाण्याचा दादा, कॅल्गरी


अरे बाबा,

दादांनी बरोबर सांगितलं, पण भावाला "नाही" एवढंच कळवून कसं भागेल? मी दर हिवाळ्यात चार महिने तिरोड्याला असते. वहिनी आणि मी तिथे मागच्या खोलीत ढिंगरी, म्हणजे खायची ऑयस्टर मशरूम, काढतो. पावसात रानात टेकोडे, सात्या या अळंब्या येतात ना, त्यांचे हे घरगुती भाऊबंद.

पहिली गोष्ट, ते दिवे पाठवू नको. ढिंगरीला ऊन खायचं नसतं. खिडकीतून येणारा उजेड तिला पुरतो, तोही सुरुवातीचे पंधरा-वीस दिवस नको. आणि तुझ्या तंबूत ज्या दमटपणाने बोंडं कुजली, तोच इथे लागतो, ८०-८५ टक्के. म्हणजे तू कॅनडात जे शिकलास ते उलटं करून घे. गवताच्या जाळ्यांचा कूलर कोरड्या हवेत खोली थंड करतो आणि ओलीही करतो. तुझ्या झाडाला तो शाप, ढिंगरीला आशीर्वाद. पावसाळ्यात मात्र हवाच ओली असते, तेव्हा कूलर नुसता गरगरतो.

ढिंगरी कुटारावर, म्हणजे मळणीनंतरच्या भुशावर वाढते. ते विकत आणायचं नाही, सोयाबीनचं स्वतःच्या शेतातलं चालतं. आमच्याकडे धानाची तणस, म्हणजे भाताचा पेंढा आहे, आम्ही ती वापरतो. रात्रभर भिजवायची, मग ड्रममध्ये साधारण ८० अंशाच्या पाण्यात तासभर. काही लोक बाविस्टीन-फॉर्मेलिनमध्ये बुडवतात. मला त्या वासाने डोकं धरतं, म्हणून मी चूलच पेटवते. पाणी निथळू द्यायचं, आणि इथंच सगळी मेख आहे. मूठभर कुटार जोरात पिळ. हात ओला झाला पाहिजे, थेंब पडता कामा नये.

आम्ही पहिल्या वर्षी घाई केली. अंधार पडत होता, पाहुणे येणार होते, वहिनी म्हणाली "होऊन जाते जी". तणसीत ढिंगरीचं बियाणं मिसळून वीस प्लॅस्टिकच्या पिशव्या भरल्या. आठव्या दिवशी कोपऱ्यातल्या एका पिशवीच्या बुडाशी पाणी साचलं होतं आणि त्याच्यावर बुरशीची पोपटी भुकटी. आंबट ताकासारखा वास. मी तिथेच पिशवी फोडून पाहिली, ही माझी चूक. ती भुकटी खोलीभर उडाली. आणखी सहा पिशव्या गेल्या. तेव्हापासून हिरवं दिसलं की पिशवीचं तोंड न उघडता ती उचलायची आणि उकिरड्यावर न्यायची, तीही वाऱ्याच्या खालच्या बाजूला.

चांगली पिशवी आतून दुधासारखी पांढरी होते. मग प्लॅस्टिक काढून सुतळीच्या शिंक्यात टांगायची, दिवसातून दोन-तीनदा फवारा मारायचा. चार-पाच दिवसांत टाचणीच्या डोक्याएवढे कोंब येतात. दारं घट्ट लावून ठेवलीत तर देठ लांबच लांब आणि टोपी बटणाएवढी, कारण तिला श्वास मिळत नाही. टोपीची कड मुरडायच्या आत काढ. उशीर केला तर पांढरी पूड उडते आणि खोकला सुटतो. नाकाला रुमाल बांधायला सांग.

पैशाचं सांगते, नाहीतर भाऊ माझ्या नावाने बोटं मोडेल. किलोभर वाळलेल्या कुटारातून तीन तोडे मिळून अर्धा किलो ते पाऊण किलो ओली ढिंगरी धरावी. ती दुसऱ्या दिवशी मलूल होते. गावात कोणी घेत नाही, "हे काय शेणातलं" म्हणतात. आर्वीत एखादा हॉटेलवाला, वर्ध्यात दोन-चार ओळखीची घरं, असं आधी ठरव, मग बियाणं आण. उरलं ते उन्हात वाळव, दहा किलोचा किलो होतो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी आपला हंगाम. एप्रिल-मे मध्ये ढिंगरीच्या नादी लागू नको. ४५ अंशात कूलरही हात टेकतो आणि वीज गेली की संपलंच. उन्हाळ्यात दूधछत्री म्हणजे मिल्की चालते, तिला ३०-३५ अंश आवडतात, पण वर मातीचा थर द्यावा लागतो. ते पुढच्या वर्षी. प्रशिक्षणाची चौकशी सेलसुऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात करायला सांग.

— तिरोड्याची काकू, एडमंटन


काकू, भावाला तुमचा मेल वाचून दाखवला. तो म्हणाला, "दिवसातून तीनदा फवारा कोण मारंन?" मग आतून वहिनीचा आवाज आला, "मी मारीन, पण पैसे माह्या हाती." ठरलं. पन्नास पिशव्या लावू म्हणतो. कूलर घरचाच आहे, मागच्या उन्हाळ्यातला.

— आर्वीवाला


दहा लाव. आणि कूलरच्या जुन्या गवताच्या जाळ्या काढून नवीन बसवायला सांग, त्यात वर्षभराची बुरशी बसलेली असते. पैसे वहिनीच्याच हाती, हे लेखी घे.

— काकू